कानवालीची वही

तात्यांच्या तोंडात कायम खिळे असायचे. बारीक, निळसर, बोटाच्या पेराएवढेही नाहीत असे. मूठभर एका गालात भरायचे, जिभेनं एकेक पुढं ढकलायचा, ओठावरूनच हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि टक्. बसला लाकडात. पुन्हा जीभ, पुन्हा ओठ, पुन्हा टक्. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकडी, न्हाव्याची फिरती खुर्ची, जिच्यावर माणूस बसतो आणि जी कधीतरी फाटते अशी प्रत्येक वस्तू शेवटी त्यांच्या दुकानात यायची. चाळीस वर्षं हाच उद्योग. खिळे तोंडात असताना माणूस बोलणार काय? "हं" आणि "उद्या" एवढे दोनच शब्द त्या खिळ्यांच्या फटीतून धड बाहेर पडायचे. गल्लीतले लोक तोंडावर तात्या म्हणायचे आणि पाठीमागं खिळेतोंड्या. तात्यांना दोन्ही ठाऊक होतं. दोन्हीला ते "हं"च म्हणायचे.

पुढं दुकान, मागं दोन खोल्या. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जवळचं माणूस म्हणाल तर एक पुतणी, धाकट्या भावाची. ही पोर लहानपणी शाळा सुटली की दुकानात यायची, फोमच्या थप्पीवर झोपायची आणि उठली की तात्यांच्या खडूनं रेक्झिनच्या तुकड्यांवर आपली सही गिरवत बसायची. तात्यांनी तिला सोफ्याच्या उरलेल्या रेक्झिनचं दप्तर शिवून दिलं होतं. शाळा संपली, दप्तर फाटलं नाही. ही पुतणी मोठी होऊन एका संस्थेत लागली. टाकून दिलेली, हाल झालेली कुत्री उचलून आणायची, बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, हे संस्थेचं काम. घर मिळेपर्यंत कुत्र्यानं राहायचं कुठं? तर कुणाच्या तरी घरी, तात्पुरतं.

"काका, चारच दिवस," असं म्हणून तिनं पहिलं कुत्रं दुकानात आणून बांधलं. ते दीड महिना राहिलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. तात्यांनी कुणाला नाव ठेवलं नाही. "नाव नव्या घरानं ठेवायचं. आपण पाहुणचारापुरते," म्हणायचे. लंगडा, पिवळा, दातवाला, असंच काहीतरी हाक मारण्यापुरतं. कुत्रं गेलं की त्याची जागा झाडायची, भांडं घासून पालथं ठेवायचं, झालं. डोळ्यात पाणी वगैरे काही नाही. दुरुस्त झालेली खुर्ची गिऱ्हाईक घेऊन जातं, त्याचं कुणी दुःख करतं का?

प्रत्येक कुत्र्याबरोबर संस्थेची एक वही यायची. पानावर चार चौकोन छापलेले. काय खाल्लं. पोट कसं. कशाला घाबरलं. नवीन काय. दर रविवारी पुतणी यायची, चहा प्यायची, वही वाचायची आणि पानांचे फोटो काढून न्यायची. गंमत म्हणजे, जन्मभर दोन शब्दांत भागवलेला हा माणूस त्या वहीत मोकळा सुटायचा. लिहिताना तोंडात खिळे असले तरी अडत नाही ना! 'नवीन काय' हा चौकोन त्यांना कधी पुरला नाही. समासात लिहायचे, मागच्या पानावर लिहायचे. एकदा लंगड्यानं गिऱ्हाइकाच्या चपलेत मुतल्याचं त्यांनी असं काही रंगवून लिहिलं होतं की पुतणी हसून हसून फोमवर लोळली.

मग ही पाचवी आली. स्पॅनियल जातीची, तपकिरी-पांढरी, सात-आठ वर्षांची. पिल्लं विकणाऱ्या एकानं तिला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून वर्षानुवर्षं पिल्लं काढून घेतली होती. होईनाशी झाली तसा रस्त्याकडेला सोडून मोकळा झाला. आचळं लोंबलेली, जाळीवर उभं राहून राहून पायाची बोटं फाकलेली, शेपूट मुळातच छाटलेलं. शाबूत काय, तर कान. हे एवढाले! पाणी प्यायला वाकली की आधी कान भांड्यात. आतून सडलेले, पुवाळलेले, दहा पावलांवरून वास यायचा. भुंकणं तर ती विसरूनच गेली होती. तात्या तिला कानवाली म्हणू लागले.

आली ती थेट एका पोट काढलेल्या सोफ्याच्या सांगाड्यात शिरली. स्प्रिंगा काढून ठेवलेल्या, नुसती लाकडाची चौकट. तिथं अकरा दिवस. गिऱ्हाईक रोज विचारतंय, सोफा कधी? तात्या म्हणतायत, "उद्या." अकरा दिवस तो सोफा उद्यावर गेला.

तात्या रोज तिचे कान औषधानं पुसायचे. तिच्याशेजारी जमिनीवर बसून, कान मांडीवर घेऊन, एखाद्या जुन्या खुर्चीच्या खाचेतली घाण काढावी तसे. जुन्या बनियनच्या बाहीची त्यांनी एक नळी शिवली. जेवताना ती डोक्यावरून चढवायची, म्हणजे कान आत बांधलेले राहतात, भांड्यात पडत नाहीत. ती घालून कानवाली डोकं बांधलेल्या म्हातारीसारखी दिसायची. माझी बायको पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगो बाई, ह्या आजी कुठल्या?" आम्ही समोरच राहतो, त्यामुळं आमचं येणंजाणं रोजचं.

खाण्याचं एक वेगळंच होतं. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद, तेव्हा कानवाली भाताला तोंड लावायची नाही. आजारी आहे म्हणावं तर दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं की भांडं चाटूनपुसून साफ. तात्यांच्या दोन-तीन सुट्ट्यांनी ध्यानात आलं. तिला हातोडी लागायची. टक्, टक् चालू असलं की खायची, थांबलं की मान वर. मग तात्या सुट्टीलाही रिकाम्या लाकडावर हातोडी मारत बसायचे. हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही. "लोक म्हणतील म्हातारा चळला," असं मला म्हणाले.

चौथ्या महिन्यात एका रविवारी तात्यांनी तोंडातले खिळे तळहातावर थुंकले. मी तिथंच होतो, माझ्या खुर्चीचा हात निखळला होता म्हणून. खिळे थुंकले म्हणजे काहीतरी मोठं बोलायचंय, हे आम्हाला माहीत.

"ही राहू दे माझ्याकडं," ते पुतणीला म्हणाले. "कायमची."

पुतणी बघतच राहिली. "तुम्ही म्हणताय हे? पाहुणचारापुरते तुम्ही?"

"हं."

"अहो काका, हिला विचारतंय कोण! म्हातारी, कान तसले, वर पोरं बघितली की थरथरते. आमचा नियमच आहे, सहा महिन्यांत कुणी मागितलं नाही तर सांभाळणाऱ्याचा पहिला हक्क. दोन महिने राहिले. ती तुमचीच समजा."

"समजू?"

"समजा म्हणजे काय, आहेच! कागद मी करते."

त्या दिवशी तात्यांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं गडद हिरवं मखमली कापड काढलं. कुठल्यातरी थिएटरच्या खुर्च्यांतून उरलेलं, बायको होती तेव्हापासून जपून ठेवलेलं. त्याची गादी शिवली. आधीच्या चौघांना गोणपाट होतं.

दोन महिन्यांतले सतरा दिवस उरले असताना ती दुपार आली. कडक ऊन होतं. तात्या एका आरामखुर्चीखाली उताणे झोपून तळाचं कापड ठोकत होते. सकाळपासून पोटात नुसता चहा. उठायला गेले आणि डोळ्यांपुढं काळं झालं. खुर्चीच्या पायाशीच कोसळले. आम्हाला काही पत्ता नाही. दुकान उघडंच, आम्ही आमच्या घरात. तेवढ्यात दारात कुत्रं भुंकल्याचा आवाज. भुंकणं तरी कसलं, गंजलेली कडी खेचल्यासारखं काहीतरी. बायको बाहेर आली, तर कानवाली! रस्ता ओलांडून आलेली. जी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला मुतायची, ती गाड्यांमधून पलीकडं आलेली आणि आमच्या पायरीवर चारही पाय रोवून त्या गंजक्या आवाजात भुंकतेय.

बायको धावली. साखरपाणी पाजलं, वारा घातला, दहा मिनिटांत तात्या उठून बसले. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, उपाशीपोटी उन्हात राबू नका, बाकी ठणठणीत आहात. बायकोनं तात्यांना चार शब्द सुनावले. "खिळे खाऊन पोट भरतं का हो तुमचं?" तात्या कानवालीकडं बघत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीची तीन पानं लिहिली. मला वाचायला दिली. पहिलंच वाक्य असं होतं: 'आज ही भुंकली.' आपण पडलो ते त्यांनी दडवलं नव्हतं. दडवलं तर ती का भुंकली ते कसं कळणार? उलट पडण्याचं जरा वाढवूनच लिहिलं होतं, म्हणजे भुंकण्याला वजन यावं. 'मी मेल्यासारखा पडलो होतो. घरात दुसरं माणूस नाही. ही नसती तर मी उठलो नसतो.' मी म्हटलं, "तात्या, एवढं काही झालं नव्हतं. दहा मिनिटांत तर उठलात." तर म्हणतात, "तिचं कौतुक आहे. कौतुकात कंजुषी करू नये."

रविवारी पुतणी आली. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. "काका, काय लिहिलंय हो," म्हणाली आणि तिन्ही पानांचे फोटो काढले. कानवालीचाही काढला, हिरव्या गादीवरचा, डोक्याला नळी बांधलेला. तात्या खूष. आता कागद होणार यात शंका उरली नाही.

पुढचा रविवार. पुतणी आली, चहा प्यायली, वही वाचली. त्याच्या पुढचा रविवार. आली, चहा प्यायली, वही वाचली. जाताना कानवालीच्या डोक्यावरून जरा जास्तच वेळ हात फिरवत बसली. तात्यांनी विचारलं, "कागद?" तर म्हणाली, "चाललंय काका."

आणि बुधवारी सकाळी संस्थेची गाडी दुकानापुढं उभी राहिली. पुतणी उतरली, तिच्यामागून एक नवराबायको उतरले. बाई गोड बोलणारी, हातात नवा कोरा पट्टा. दोघं बाहेरच थांबली. पुतणी एकटी आत आली. तात्या खुर्चीचं कापड ताणत होते, मी शेजारी उभा.

"काका, खिळे काढा तोंडातले."

तात्यांनी काढले.

ती एका दमात बोलली. ती तीन पानं संस्थेनं फोटोसकट सगळीकडं टाकली होती. मालकाचा जीव वाचवणारी कुत्री! दोन दिवसांत एकोणतीस जणांनी मागणी केली. जिला कुणी विचारत नव्हतं तिच्यासाठी रांग लागली. सहा महिने पुरे व्हायच्या आत मागणी आली, म्हणजे पहिला हक्क गेला. तात्यांचं नाव तिसावं म्हणून समितीपुढं ठेवलं होतं, पण समितीनं तीच पानं वाचली. एकटा माणूस, वय सहासष्ट, चक्कर येऊन पडतो.

"तुम्ही पडलात काका. ते तुम्हीच लिहिलंय."

"मी ती भुंकली ते लिहिलं."

"त्यांनी दोन्ही वाचलं."

तात्यांनी हातातलं कापड सोडलं. मग म्हणाले, "तुला विचारलं असेल."

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"घरात दुसरं कोण असतं विचारलं. मी काय सांगणार? कुणी नसतं म्हटलं."

"डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलंस? ठणठणीत म्हणाला होता."

पुतणी हातातला कागद दुमडत राहिली. तात्यांनी तो घेतला. खाली शिफारस म्हणून सही होती. ती सही तात्यांनी ओळखली नसती तर नवल. त्यांच्याच खडूनं, त्यांच्याच रेक्झिनवर गिरवलेली. सहीखालची तारीख बारा दिवसांपूर्वीची होती.

"म्हणजे दोन रविवार," तात्या म्हणाले. "दोन रविवार तू इथं बसून चहा प्यालीस."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नाही हो. माणसं चांगली आहेत काका, घर मोठं आहे, अंगण आहे. तिच्या भल्याचंच…"

"पट्टा त्यांनी घरूनच आणला?"

"हो."

"गळ्याला मोठा होईल. एक भोक पाडावं लागेल." आणि त्यांनी खरंच बाईच्या हातून पट्टा घेतला, टोच्यानं भोक पाडलं, परत दिला.

पण कानवाली बाहेर यायला तयार होईना. त्या बाईनं हाक मारली, नवऱ्यानं बिस्किट धरलं, पुतणी गुडघ्यावर बसली. ती सगळ्यात जुन्या सोफ्याच्या सांगाड्यात शिरून बसली, अगदी पहिल्या दिवसासारखी. पुतणीनं ओढायला हात घातला तर मुतली. सगळे उभेच राहिले.

मग पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही उचलता का? तुमच्याकडं येईल ती."

माझ्या बायकोनं समोरून हे ऐकलं आणि तिथनंच ओरडली, "लाज नाही वाटत गं?"

तात्या खाली बसले. नुसता हात पुढं केला. कानवाली सरपटत आली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली, कान पाठीवर लोंबत सोडले आणि सुस्कारा टाकला. तिला वाटलं सुटले. तात्या तिला तशीच घेऊन गाडीपर्यंत गेले आणि आतल्या पिंजऱ्यात ठेवली. जाळीचाच पिंजरा होता. दार लागल्याचा आवाज झाला तशी ती तात्यांकडं बघायला लागली. भुंकली नाही. हिरवी गादी, बनियनची नळी आणि वही बरोबर गेली. नियमच तसा आहे, वही कुत्र्याबरोबर जाते. सहा महिन्यांचं बोलणं त्या माणसाचं, तेही गाडीत बसून गेलं.

गाडी गेल्यावर तात्यांनी जागा झाडली, भांडं घासून पालथं ठेवलं. मग मला म्हणाले, "मला फसवलं ते एक वेळ सोडू. पण तिला फसवायला माझेच हात घेतले."

सहाव्या दिवशी त्यांचा फोन वाजला. मी खुर्ची न्यायला गेलो होतो. तात्यांच्या तोंडात खिळे, हातात कापड, म्हणून त्यांनी बोटानं खूण केली आणि मी फोन उचलून आवाज मोठा केला. तीच बाई. रडकुंडीला आलेली.

"तात्या, तुमची वही सगळी वाचली हो. भात तसाच शिजवते, अंडं कुस्करून, नळी बांधते. सहा दिवस झाले, शिवत नाही. जेमतेम पाणी पिते. संस्थेत विचारलं, तुमची पुतणी म्हणाली आणखी दोन दिवस बघा. नाहीच खाल्लं तर परत तुमच्याकडंच ठेवू, दुसरीकडं कुठं जागा नाही म्हणाली."

मी तात्यांकडं बघितलं. दोन दिवस. काही करायचं नव्हतं. खिळे तोंडात ठेवायचे आणि "हं" म्हणायचं, जन्मभर म्हणत आले तसं. त्यांच्या गालातले खिळे इकडून तिकडं गेले. परत तिकडून इकडं आले.

मग त्यांनी ते थुंकले.

"घरात हातोडी आहे?"

"हातोडी? काय म्हणालात?"

"नसेल तर लाकडी चमचा घ्या. पाटावर वाजवा. जोरात नको. एक, मग थांबा, मग एक. भांडं तिच्यापुढं ठेवा आणि तुम्ही दुसरीकडं बघा."

तिकडून ठकठक ऐकू आली, दारावर थाप मारल्यासारखी, घाईची. तात्यांनी तोंड वाकडं केलं. "तसं नाही हो. फोन जमिनीवर ठेवा, भांड्याजवळ." आणि आपली हातोडी उचलून त्यांनी समोरच्या खुर्चीच्या रिकाम्या लाकडावर मारली. टक्. थांबले. टक्. थांबले. टक्. बराच वेळ तिकडं काही नाही. मग फरशीवर नखं वाजली. मग भांडं सरकल्याचा आवाज, आणि मग ते चपचप, दात नसलेली म्हातारी खाते तसं.

"अहो खातेय!" बाई कुजबुजली. "खातेय!"

"आता तुम्ही वाजवा. मी मारतो तसं." तिकडच्या चमच्याला ताल येईपर्यंत तात्या थांबले. चपचप चालूच राहिली तशी त्यांनी मला खूण केली. मी फोन बंद केला.

माझ्यानं राहवलं नाही. "तात्या, दोन दिवस गप्प बसला असतात तर आली असती की घरी."

"उपाशी होती ना."

"अहो, पण…"

"एकदा फसवलं तिला," तात्या म्हणाले, "आता रोज फसवू का?" आणि तळहातावरचे खिळे पुसून त्यांनी पुन्हा गालात भरले.

कानवाली परत आली नाही. तिकडं तिला नाव ठेवलं म्हणे, काय ते तात्यांनी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी पुतणी दारात उभी. हातात दोरी, दोरीला एक काळं, कातडी गेलेलं कुत्रं, पायावर उभं राहायची मारामार. आत यायचं धाडस नव्हतं तिचं. "काका, कुठंच जागा नाही," म्हणाली. तात्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, कुत्र्याकडं बघितलं. उठले, पालथं भांडं सुलटं केलं, गोणपाट अंथरलं. पुतणीला वाटलं, मिटलं. ती नवी वही ठेवून डोळे पुसत गेली.

आता ती दर रविवारी येते. चहा मागावा लागतो तिला, आपण होऊन कुणी ठेवत नाही. वही उघडते. चार चौकोनांत चार शब्द. भात. बरं. कशाला नाही. काही नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. समास कोरा, मागचं पान कोरं.

आणि त्या काळ्यानं मागच्याच आठवड्यात काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तात्यांच्या हातून खिळ्यांचा डबा सांडला, तर ह्या गड्यानं एक खिळा जिभेनं उचलला, दातांत धरला आणि तात्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. हुबेहूब तात्या! मी हसून बेजार. म्हटलं, "हे लिहा तात्या, हे लिहिलंच पाहिजे."

या रविवारी पुतणी वही मिटून म्हणाली, "काका, नवीन काहीच नाही का हो? एवढे दिवस झाले. एवढंसं तरी?"

काळा तिच्या पायाशीच बसला होता. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, गप्प राहा म्हणून. मग डब्यातून चांगली मूठभर खिळे घेतले, दोन्ही गालांत भरले आणि म्हणाले, "हं."